हाफ थ्री म्हणजे अडीच

शौकत होडेकर कुठेही ठरल्या वेळेच्या तासभर आधी जाऊन बसतो. लग्नाच्या हॉलवर गेला तर खुर्च्या अजून मांडायच्या असतात, दवाखान्यात गेला तर डॉक्टरांची गाडी आलेली नसते. अजमानमध्ये त्याच्या ओळखीची जेवढी म्हणून कोकणी घरं आहेत, तिथले लोक त्याला आमंत्रण देताना मुद्दाम तासभर उशिराची वेळ सांगतात. त्याची बायको कुलसुम या सवयीवर इतकी वर्षं चिडत आली आहे आणि इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसून रिकाम्या हॉलकडे बघत आली आहे. ही खोड त्याला जन्मजात नव्हती. ती एका दुपारी लागली, आणि त्या दुपारी एक अख्खं जहाज चिखलात रुतलं होतं.

शौकत मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला, जयगडच्या खाडीकाठचा. वडील होड्या बांधायचे. कागद नाही, नकाशा नाही, डोळ्यांनी बघून लाकडाला आकार द्यायचे. सत्ताविसाव्या वर्षी शौकत सुतार म्हणून अजमानला आला आणि तीन वर्षं लोकांच्या किचनची कपाटं ठोकत बसला. खाडीकाठच्या माणसाला कपाटं ठोकायला लावणं म्हणजे गवयाला रिक्षाचा भोंगा वाजवायला लावण्यासारखंच, पण पोटापुढे कुणाचं चालतं. मग एक दिवस कुणीतरी सांगितलं की खाडीवर एक गोरा माणूस जहाजांचा कारखाना काढतो आहे आणि त्याला लाकूड कळणारा माणूस हवा आहे.

गोऱ्याचं नाव हेनिंग. डेन्मार्कचा. कारखान्याच्या पाटीवर एक लांबलचक अरबी नाव होतं, पण टॅक्सीवाल्यांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्याला डेनिश यार्डच म्हणत. हेनिंगसाहेबांनी शौकतला एकही प्रश्न विचारला नाही. हातात एक लांब, लवचीक लाकडी पट्टी दिली आणि ती वाकवून दाखव म्हणाले. शौकतने ती दोन्ही हातांनी हळू वाकवली, एक डोळा मिटून तिच्यावरून नजर फिरवली आणि मधल्या एका गाठीवर बोट ठेवलं. इथे ही सरळ वाकत नाही, असं त्याने मोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्याच दिवशी तो नोकरीला लागला.

त्याची जागा लॉफ्टमध्ये होती. लॉफ्ट म्हणजे शेडच्या वरच्या मजल्यावरची लांबरुंद लाकडी जमीन, काळ्या रंगाने रंगवलेली. जहाजाच्या रेषा तिच्यावर खऱ्याखुऱ्या मापात काढायच्या आणि त्या रेषांवरून लाकडाचे फर्मे, म्हणजे साचे, कापायचे. खालचे लोक त्या फर्म्यांवरून लोखंडी पत्रे कापत आणि वाकवत. लॉफ्टमध्ये बूट घालून जायचं नाही, रेषा पुसतात, असा साहेबांचा सक्त नियम होता. केरळचे, पेशावरचे, कोकणचे, सगळे कामगार जिन्याशी चपला काढून वर जात. कुणाला ते वेगळं वाटलंच नाही.

आता त्या दुपारची गोष्ट. यार्डाचं पहिलं जहाज, मोठ्या जहाजांना ओढणारी एक छोटी टग, पाण्यात उतरायची होती. साहेबांनी शौकतला सांगितलं, "टुमॉरो, हाफ थ्री." जहाज घसरवायच्या उतरणीवर चरबी लावणं, शेवटच्या पाचरी ठोकून काढणं, हे सगळं शौकतच्या हाताखालच्या लोकांचं काम. हाफ थ्री म्हणजे हाफ पास्ट थ्री, साडेतीन, असं त्याने धरलं आणि माणसांना निवांत जेवायला सोडलं. डॅनिश माणूस हाफ थ्री म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात अडीच वाजलेले असतात, हे बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार. माणसं सव्वातीनला हात धूत परतली. पाहुणे खोळंबलेले, यार्डाच्या अरब मालकाचा चेहरा लाल, आणि भरती उलटून तास होत आलेला. घाईघाईने टग सोडली, ती सुंदर घसरत गेली आणि मागचा भाग पाण्यात, पुढचा चिखलात अशी फतकल मारून बसली. पुढची भरती येईपर्यंत तिला कुणी हलवू शकलं नाही.

मालक तिथल्या तिथे कुणाचा तरी व्हिसा कॅन्सल करायला निघाला होता. साहेब पुढे झाले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माझी आहे. मी माझ्या भाषेतली वेळ इंग्रजीत सांगितली." विषय तिथेच संपला. शौकतकडे कुणी बोटही दाखवलं नाही.

पण एक गोष्ट शौकतने त्या दिवशी कुणाला सांगितली नाही, आणि नंतर कित्येक वर्षंही नाही. दोन वाजता तो धक्क्यावर उभा होता. पाणी काठोकाठ चढत आलेलं त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. साडेतीनपर्यंत हे पाणी थांबणार नाही, हे खाडीकाठी वाढलेल्या माणसाला कळायला हवं होतं, आणि कळलंही होतं. पण साहेबांनी वेळ दिली आहे, आपण कोण सांगणारे, असं मनाशी म्हणून तो भात खायला गेला. चूक भाषेची होती खरी, पण निम्मी. उरलेली निम्मी त्याची होती आणि ती साहेबांनी अंगावर घेतली होती. त्या दिवसापासून तो तासभर आधी जातो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला लॉफ्टमध्ये नेलं आणि काळ्या जमिनीवर खडूने घड्याळ काढलं. आमच्याकडे दोन पुरे झाले आणि तिसरा अर्धा झाला की त्याला अर्धा तिसरा म्हणतात, असं त्यांनी काटा काढून दाखवलं. शौकत बघत राहिला. "साहेब, हे तर आमचं अडीच," तो म्हणाला. मग त्याला आठवलं की त्याचे वडील फळ्या विसांनी मोजायचे, पन्नास फळ्या झाल्या की अडीच विसा म्हणायचे. त्याने तेही खडूने मांडून दाखवलं. साहेब जे चमकले ते थेट जमिनीवर मांडी घालून बसले. त्यांच्या भाषेत पन्नासाला हालत्रेस म्हणतात आणि त्याचा अर्थ हाच, अर्धा तिसरा वीस. साठ म्हणजे तीन विसा, सत्तर म्हणजे साडेतीन विसा, नव्वद म्हणजे साडेचार विसा. शिवाय आकडा म्हणताना एकम आधी, दशक नंतर. आपण त्रेपन्न म्हणतो, ते त्रे-ओ-हालत्रेस म्हणतात. तीनाला दोघांकडेही त्रे. एवढ्या मोठ्या दुनियेत आपल्यासारखं वेडंवाकडं मोजणारं आणखी कुणीतरी आहे, याचा शौकतला फार आनंद झाला.

लॉफ्टमध्ये एक जण वहीतला आकडा मोठ्याने वाचतो आणि दुसरा गुडघे टेकून जमिनीवर खूण करतो. त्या दिवसापासून साहेब डॅनिशमध्ये वाचू लागले आणि शौकत मराठीत ऐकू लागला. शंका आली की तो विचारायचा, "अडीच?" आणि साहेब मान हलवून म्हणायचे, "अडीच." इंग्रजीची गरजच उरली नाही. खालचे लोक म्हणायचे, वर दोन येडे बसलेत.

यार्ड वाढत गेलं. दहा-बारा वर्षांत एकेचाळीस जहाजं उतरली, कामगारांच्या बस सहा झाल्या, गेटबाहेर दोन कॅफेटेरिया उभ्या राहिल्या. साहेब मात्र या भरभराटीकडे जरा संशयानेच बघत. जेवणाच्या सुट्टीत ते आपल्या गावच्या गोदीबद्दल सांगायचे. त्या गावाचं नाव शौकतला कधी उच्चारता आलं नाही, तो त्याला साहेबांचं गाव म्हणे. चार हजार वस्तीचं गाव आणि गोदीत सहाशे माणसं. सकाळी सातला भोंगा व्हायचा आणि बेकरीवालाही त्याच भोंग्यावर दार उघडायचा. जहाज उतरायचं त्या दिवशी शाळेला सुट्टी. साहेबांचे वडील तिथे लॉफ्टमध्ये होते आणि साहेब त्यांच्याच हाताखाली शिकले. मग कोरियातून स्वस्त जहाजं येऊ लागली. सहाशेची तीनशे झाली, तीनशेची नव्वद, आणि एका शुक्रवारी भोंगा झाला तो शेवटचा. गोदीच्या जागी पुढे काचेच्या गॅलऱ्यांचे फ्लॅट झाले. साहेबांनी पट्ट्या आणि शिशाची वजनं एका लाकडी पेटीत भरली आणि आखाताची वाट धरली. त्या पेटीवर गावाचं नाव डाग देऊन कोरलेलं होतं. शौकतला ते वाचता येत नसे, पण अक्षरांची वळणं पाठ झाली होती.

साहेबांच्या गावी झालं तसंच इथेही झालं. मंदी आली, ऑर्डरी आटल्या. पुढे चीनमधून तयार जहाजं येऊ लागली, आणि इथे जी थोडी बांधली जात त्यांचे पत्रे कॉम्प्युटरच्या फायलीवरून मशीन कापू लागलं. साहेब सत्तरी ओलांडून गावी परत गेले, पेटी शौकतकडे ठेवून. लॉफ्टमध्ये जुने एसी आणि रंगाचे डबे रचले गेले. यार्ड नुसतं डागडुजीवर तग धरून राहिलं. आणि या वर्षीच्या जानेवारीत मॅनेजरने सगळ्यांना जमवून सांगितलं की मार्चअखेर गेट बंद होणार, खाडीकाठच्या जागेवर टॉवर येणार. शौकत एकोणसाठचा होता. त्याने कुलसुमला सांगितलं, आता जयगडला जाऊन गच्चीवर मिरच्या वाळवू. कुलसुम म्हणाली, तिथे तरी मिरच्या वेळेवर वाळवा.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हमदुल्ला परकार यार्डात आला. शारजात राहणारा हा कोकणी व्यापारी आपल्या दोन-तीन जुन्या जहाजांतून सोमालियाकडे तांदूळ, कांदे, जनरेटर नेत असे. त्याचं त्यातलं सगळ्यात जुनं जहाज एका बंदरात धक्क्यावर समोरून आदळलं होतं. जहाजाच्या पुढच्या निमुळत्या टोकाला कोकणात नाळ म्हणतात. ती नाळ दोन्ही बाजूंनी चेपून पार चोळामोळा झाली होती. इतर यार्डांनी हात वर केले होते, आणि मॅनेजरही तेच करणार होता.

शौकत सहज म्हणून धक्क्याला आणून बांधलेल्या त्या जहाजाच्या मागच्या बाजूला गेला. वर हिरव्या रंगात जहाजाचं आत्ताचं नाव होतं, रहमत. त्याखाली रंगाच्या कैक थरांमधून वेल्डिंगची जुनी उठावाची अक्षरं हाताला लागत होती. शौकतने ती बोटाने एकेक करून चाचपली. पेटीवरचं नाव होतं ते. जहाज साहेबांच्या गावचं होतं, आणि खाली गोदीने दिलेला नंबर होता, एकशे बारा.

त्या दुपारी त्याने साहेबांच्या मुलीला फोन लावला. तिचं नाव बिर्गिट. ईदला आणि नाताळला त्यांचं बोलणं व्हायचंच. ती म्हणाली, बाबा चौऱ्याऐंशीचे झालेत, झटका येऊन गेल्यापासून इंग्रजी पार गेलं, फक्त आमची भाषा उरली आहे. मग एकशे बारा नंबर ऐकून ती पलीकडे साहेबांशी काहीतरी बोलली. बराच वेळ नुसता साहेबांचा आवाज येत राहिला. एकशे बारावर त्यांनी वडिलांबरोबर काम केलं होतं. त्या गोदीची बाकीची सगळी जहाजं भंगारात गेली, ही एकच अजून पाण्यावर आहे, असं बिर्गिट म्हणाली. मग तिने सांगितलं की बाबा रडत आहेत.

फोन ठेवल्यावर शौकत हमदुल्लाकडे गेला आणि नाळेचा मूळ आकार मी काढून देतो म्हणाला. हमदुल्ला भला माणूस होता, पण त्याचेही हात बांधलेले होते. जहाजं तपासणाऱ्या सर्व्हेअरने त्याला बजावलं होतं की नाळ मूळ आकारात बसली तरच सर्टिफिकेट मिळेल, नाहीतर जहाज भंगारात. "शौकतभाई, ड्रॉइंग नाय काय नाय, तुम्ही करणार कसं?" त्याने विचारलं. "एक बाजू शाबूत असती तर दुसरी काढता आली असती. हितं तर दोन्ही गेल्या." शौकत म्हणाला, आकडे येतील. मॅनेजरने खांदे उडवले. यार्ड बंदच होणार होतं, उतरण रिकामीच पडली होती, करा काय करायचं ते. वेल्डिंगचा फोरमन विष्णू, चिपळूणचा, वीस वर्षं शौकतच्या फर्म्यांवर पत्रे लावत आलेला, त्याने मात्र दुसऱ्याच दिवशी चेपलेली नाळ कापायला घेतली. आता माघार नव्हती.

आकडे होते एका वहीत. साहेबांच्या गावी, गोदीच्या जुन्या गेटपाशी एका खोलीत गावकऱ्यांनी छोटं संग्रहालय केलं होतं आणि तिथे एकशे बाराची वही होती. बिर्गिटने पानांचे फोटो पाठवले. शौकतची मुलगी इन्शा जबल अलीला एका कंपनीत कॉम्प्युटरवर जहाजांची ड्रॉइंग करते. तिने ते फोटो मोठे करून, उजळ करून, उलटेसुलटे करून पाहिले. पन्नास वर्षांपूर्वीची पेन्सिल, त्यावर खाडाखोड, वर तेलाचे डाग. काही लागेना. ते अक्षर साहेबांच्या वडिलांचं होतं आणि ते वाचू शकेल असा एकच माणूस जगात उरला होता.

असं ठरलं की साहेब वाचतील, बिर्गिट इंग्रजीत सांगेल आणि इन्शा लॅपटॉपवर टिपून घेईल. शुक्रवारी लॉफ्टमधले एसी आणि डबे हलवून जमीन मोकळी केली, काळा रंग दिला आणि शनिवारी बाप-लेक मोजे घालून आत शिरले. इन्शा लहानपणी एकदाच इथे आली होती. जमिनीत खोल कोरलेल्या जुन्या रेषा रंगाखालूनही दिसत होत्या. एकेचाळीस जहाजं एकमेकांत गुंतून पडली होती. ती म्हणाली, "अब्बा, धिस इज लाइक अ ड्रॉइंग फाइल विथ ऑल लेयर्स ऑन." शौकतला ते कळलं नाही, पण मुलीला आवडलं एवढं कळलं.

तीन तास आकडे येत होते. दुपारी शौकतने खुणांवरून पट्टी लावली, शिशाची वजनं ठेवली आणि गाल जमिनीला टेकवून नजर लावली. आकडे बरोबर असले की पट्टी सगळ्या खुणांवरून एकाच सलग वळणात बसते, पण ती कुठेच नीट बसेना. एका खुणेला आत जाई, दुसरीला बाहेर येई, सापासारखी. इन्शाने आकडे पुन्हा तपासले, टिपण्यात चूक नव्हती. वही चुकीची आहे की काय, की म्हातारा माणूस भ्रमात वाचतोय, असा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो बोलूनही दाखवला. खाली विष्णूने नाळ कापून टाकली होती. जहाज तोंड नसल्यासारखं उतरणीवर उभं होतं.

शौकतने मांडी घालून एकेक खूण पुन्हा न्याहाळली. मग त्याने इन्शाला एक आकडा विचारला. तिथे पस्तीस होते. त्याने ते पुसून त्रेपन्न केले. पट्टी शहाण्यासारखी बसली. पुढच्या ठिकाणी शेहेचाळीस होते, त्याचे चौसष्ट केले. तीही बसली. चूक बिर्गिटची होती. डॅनिश माणसाने घाईत आकडा इंग्रजीत म्हटला की आधीचं नंतर आणि नंतरचं आधी होतं. कधी होतं, कधी होत नाही, म्हणून सरसकट उलटवूनही चालणार नव्हतं. साहेबांनी एके काळी वेळ सांगताना केलं होतं, तेच मुलगी आकड्यांत करत होती.

"उद्या साहेबांनाच बोलू दे. इंग्रजी नको," शौकत म्हणाला.

इन्शाने त्याच्याकडे काळजीने पाहिलं. "अब्बा, यू डोन्ट नो डॅनिश."

"शंभरच्या आतली येते मला. बाकी कशाला पाहिजे?"

दुसऱ्या दिवशी फोन जमिनीवर ठेवला. साहेबांचा आवाज बारीक झाला होता, एक बाजू जडावलेली, शब्द अर्धे गिळले जात होते. पण पहिला आकडा आला आणि शौकतचा खडू आपोआप चालला. पाठोपाठ दुसरा आला, तिसरा आला. तो प्रत्येक आकडा मोठ्याने मराठीत म्हणे आणि इन्शा लिहून घेई. गुडघ्यांवर सरकत जाणारा बाप आणि फोनमधला तो आवाज यांची लय एक झाली होती, आणि बारा वर्षं ते एकमेकांशी नुसते ईद मुबारकपुरते बोलले होते हे कुणाला खरं वाटलं नसतं.

शेवटच्या रांगेत घोटाळा झाला. जुना पत्रा आणि नवी नाळ जिथे जोडायची, नेमकी तिथली खूण. पट्टीला तिथे फुगवटा येत होता, बोटाच्या जाडीचा. इथे चुकलं तर नाळ जहाजाला लागणारच नाही. शौकतने त्रेसष्ट ऐकलं होतं. त्याने आकडा पुन्हा विचारला, साहेबांनी पुन्हा वाचला, पण फोन खरखरला आणि 'हाल' होतं की नव्हतं तेच कळेना. नुसतं त्रेस म्हणजे साठ, हालत्रेस म्हणजे पन्नास, मध्ये दहा मिलिमीटर. बिर्गिटने मदतीला इंग्रजीत एक आकडा सांगितला आणि गोंधळ आणखी वाढला. साहेबही आता दमले होते. कुणीतरी त्यांना पाणी देत होतं.

शौकत फोनवर वाकला. "साहेब," तो म्हणाला, "तीन, का अडीच?"

पलीकडे बिर्गिट काही विचारत होती, साहेबांनी तिला गप्प केलं असावं. मग तो जडावलेला आवाज अगदी स्पष्ट आला.

"अडीच," साहेब म्हणाले. "अडीच, शौकत."

इंग्रजी गेलं होतं, नाती-नातवंडांची नावं गेली होती, पण हे राहिलं होतं. शौकतने खूण दहा मिलिमीटर आत घेतली. पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निवांत पडली. त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला, पण पुसायचे होते ते डोळे, हे इन्शाला दिसत होतं. बापाच्या शेजारी गाल जमिनीला टेकवून तिने पट्टीवरून नजर लावली आणि म्हणाली, "ओके. नाउ आय सी इट."

फर्मे कापले, पत्रे वाकवले. अठरा दिवस विष्णूची माणसं नाळेला चिकटून होती. क्रेनने नाळ उचलून जहाजापुढे धरली तेव्हा विष्णूने सांध्यावरून हात फिरवला आणि वर बघून नुसता अंगठा दाखवला. सर्व्हेअर दोनदा येऊन मापं घेऊन गेला आणि दुसऱ्यांदा सही करून गेला. हमदुल्लाने आपलं दुसरं जुनं जहाज उम्म अल क्वेनच्या एका यार्डात दुरुस्तीला लावायचं ठरवलं होतं. त्याने तिथल्या लोकांना अटच घातली की फर्मे होडेकरच करतील. तिथून फोन आला, एक तारखेपासून या. यार्ड मात्र वाचलं नाही. ते वाचणार नव्हतंच, आणि शौकतनेही तशी खोटी आशा धरली नव्हती. लॉफ्टची जमीन उखडण्याआधी इन्शा दोन शुक्रवार येऊन तिच्यावरच्या रेषा कॅमेऱ्याने टिपून गेली.

रहमत पाण्यात सोडायचा दिवस आला. भरतीची वेळ अडीच. शौकत सकाळी नऊपासून धक्क्यावर येऊन बसला होता, कुलसुम डबा घेऊन शेजारी. त्याने घड्याळ काढून खिशात ठेवलं होतं आणि तो फक्त पाण्याकडे बघत होता. पाणी काठाशी आलं तेव्हा त्याने हात वर केला, विष्णूच्या माणसांनी साखळ्या सोडल्या आणि रहमत एका दमात उतरत गेली, खोल पाण्यात जाऊन हलकीशी डोलली आणि थांबली. इन्शाने फोनवर साहेबांना सगळं दाखवलं. व्हीलचेअरवरचा तो कृश म्हातारा पडद्याला नाक लावून नाळ न्याहाळत होता.

मग शौकतने फोन हातात घेतला आणि बिर्गिटला म्हणाला, साहेबांना एक सांगायचं आहे, तेवढं त्यांना सांगा. पहिल्या टगच्या वेळी चूक त्यांची एकट्याची नव्हती. दोन वाजता मी पाणी पाहिलं होतं. मला कळलं होतं, आणि तरी मी बोललो नाही. एवढं सांगायला त्याला अठ्ठावीस वर्षं लागली होती.

बिर्गिटने ते सांगितलं. साहेबांनी ऐकलं आणि सावकाश, थांबत थांबत उत्तर दिलं. बिर्गिट हसली आणि तिने डोळे पुसले. "बाबा म्हणतात, त्यांना माहीत आहे. तुला धक्क्यावर उभं असलेलं त्यांनी गेटमधून पाहिलं होतं. पाणी त्यांनाही दिसत होतं. पण मालकाची गाडी पावणेतीनपर्यंत आलीच नव्हती आणि मालक येण्याआधी जहाज सोडायची त्यांची हिंमत झाली नाही. तू वेळेवर आला असतास तरी ते अडीचला सुटलंच नसतं."

शौकतने फोन इन्शाकडे परत दिला. हे सगळं शेजारी बसून ऐकणाऱ्या कुलसुमने डबा बांधला, पदर सावरला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"म्हणजे आता वेळेवर निघायला हरकत नाही," ती म्हणाली.

शौकत हसला आणि हो म्हणाला, अगदी मनापासून. पण एक तारखेला उम्म अल क्वेनची बस सातला होती, आणि तो सहालाच स्टॉपवर जाऊन बसला. मांडीवर साहेबांची पेटी होती.